बिनकाट्याच्या झुडपाचा काटा

"आई गं! मेले!"

किंकाळी एवढी दणदणीत होती, की धक्क्यावर निवांत बसलेले समुद्रपक्षी भर्रकन उडाले. त्यांच्या मागोमाग तक्रार पाठ चोळत झुडपाआडून बाहेर आली आणि लपाछपीचा डाव तिथेच मोडला.

"दिसली! आउट! राज्य तुझ्यावर!" रेडिओ उड्या मारायला लागला.

"आउट काय आउट? मला काटा टोचलाय! इथे, पाठीत!"

"ऐका हो ऐका, ताजी बातमी! सकाळी दूध फार गरम होतं. मग पायऱ्या फार उंच होत्या. मग वारा फार सुटला होता. आणि आता काटा!"

'तक्रार' हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण अकरा वर्षांच्या आयुष्यात तिने इतक्या गोष्टींबद्दल कुरकुर केली होती, की घरात सगळे तिला तेच म्हणायचे. रेडिओ तिचा मावसभाऊ. तो झोपेतसुद्धा बोलायचा. आणि रेडिओची मोठी बहीण मुकादम. ती नुसती कुठे उभी राहिली, तरी आजूबाजूची मुलं आपोआप कामाला लागत. तिघांच्या आया सख्ख्या बहिणी होत्या. त्यांची सगळ्यात धाकटी बहीण या बेटावर वनस्पतींचा अभ्यास करायची आणि सुट्टीत तिन्ही भाचरं तिच्याकडे येऊन धडकली होती.

मुकादमने कमरेवर हात ठेवून झुडपाकडे पाहिलं, मग तक्रारीकडे. "अगं, या झुडपाला काटे नसतातच. मावशीने आल्या दिवशीच सांगितलंय. बिनकाट्याच्या झुडपाचाही तुला काटा टोचतो म्हणजे कमाल आहे बाई तुझी!"

"मग हे काय आहे?"

तक्रारीने सदऱ्यात अडकलेला काटा काढून तळहातावर धरला. हिरवट, नखाएवढा, टोकाला जरासा वाकडा.

"कुठून तरी उडत आला असेल," रेडिओ म्हणाला.

"काटे उडतात?"

"तुला टोचायचं म्हटल्यावर उडतही असतील!"

दोघं खो-खो हसली. तक्रार हसली नाही. तिने काटा रुमालात गुंडाळून खिशात ठेवला. आपलं म्हणणं कोणी खरं मानत नाही याची तिला सवय होती. पण सवय झाली म्हणून वाईट वाटायचं थांबतं असं नाही.

संशोधन केंद्र म्हणजे दोन खोल्यांची बैठी इमारत. बाहेरच्या खोलीत लांबलचक टेबल, त्यावर सूक्ष्मदर्शक, कात्र्या, चिकटपट्ट्या आणि वाळलेल्या पानांच्या कागदी पिशव्यांचे ढीग. मुलं आत शिरली तेव्हा मावशी पाठमोरी उभी राहून फोनवर बोलत होती.

"नाही मॅडम, पिशव्यांची अदलाबदल झालेली नाही. प्रत्येक पान मी माझ्या हाताने तोडलंय… हो, मला कळतंय तुम्हाला काय वाटतंय… बरं. उद्या या तुम्ही."

फोन ठेवून ती वळली. तिचे डोळे लाल झाले होते. मावशी रडणाऱ्यांतली नव्हती. गेल्या वर्षी बोटावर कोयता लागला, तेव्हाही ती फक्त "अरेच्चा" म्हणाली होती. त्यामुळे तिघंही धावत तिच्याजवळ गेली.

"काय झालं मावशी?" मुकादमने विचारलं.

मावशीने खुर्ची ओढली. "हे झुडूप पलीकडे मुख्य भूमीवरही आहे, माहीत आहे ना? तिकडे डोंगरच्या डोंगर भरलेत. तिकडच्या झुडपांची पानं प्रयोगशाळेत तपासली, तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी निघते. शाळेच्या मैदानावर मुलं जमतात ना, तसं. कोणाचं नाक कोणासारखं नाही. याला आम्ही जनुकीय विविधता म्हणतो. इथे बेटावर मात्र कधी काळी एखाद्या पक्ष्याच्या पोटातून दोन-चार बिया आल्या असणार. आज इथे आहेत ती सगळी त्यांचीच लेकरं, नातवंडं, पतवंडं. सगळी एका घरातली. म्हणजे इथली पानं तपासल्यावर जवळजवळ सारखीच निघायला हवीत."

"आणि काटे?" तक्रारीने विचारलं.

"तिकडे शेळ्या आहेत, हरणं आहेत. पानं वाचवायची तर काटे हवेत. इथे खायला कोणी नव्हतंच. पिढ्यान् पिढ्या गेल्या आणि काटेही गेले. असं बिनकाट्याचं झुडूप जगात फक्त या बेटावर आहे."

"पण पानं सारखी निघायला हवीत म्हणजे? निघाली नाहीत?" मुकादमने विचारलं.

मावशीने टेबलावरची एक पिशवी उगाच सरळ केली. "अर्धी निघाली. बाकीची अर्धी मात्र तिकडच्यासारखी, नाना तऱ्हांची! एवढ्याशा बेटावर एवढी विविधता असूच शकत नाही. म्हणून संस्थेतल्या मोठ्या बाईंचं म्हणणं, की मी दोन्हीकडची पानं एकमेकांत मिसळली. वेंधळेपणा केला. त्या उद्या सकाळी येतायत. मी आत्ताच्या लाँचने जाते आणि त्यांना घेऊनच येते. तुमच्या जेवणाचं-झोपण्याचं विश्रामगृहात सांगून जाते. उद्या मला कारण दाखवता आलं नाही, तर हे काम बंद. मग असलं काम माझ्या हातात पुन्हा कोण देणार?"

मावशी खरं बोलत होती आणि कोणी ते खरं मानत नव्हतं. हे कसं वाटतं ते या खोलीत तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने खिशात हात घातला.

"मावशी, मला मघाशी झुडपाचा काटा…"

"आत्ता नको गं राणी. तक्रारी उद्या," मावशी म्हणाली आणि पिशवी खांद्याला लावून धक्क्याकडे निघालीसुद्धा.

तक्रार दारात उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मुकादमचा आवाज जरा उतरला.

"दाखव बघू तो काटा पुन्हा."

या वेळी तिने तो नीट पाहिला. उलटा करून पाहिला. नखाने दाबून पाहिला. "हिरवा आहे. म्हणजे ताजा आहे. आणि ताजा काटा झाडावरूनच येतो. चल, कुठे टोचला ते दाखव. रेडिओ, तू पण चल. आणि तोंड बंद!"

"मी कुठे काय बोलतोय? मी फक्त एवढंच म्हणत होतो, की…"

"बंद!"

झुडपं होती ती दीपगृहाच्या उतारावर. वाटेत त्यांना फूटपट्टीकाका भेटले.

फूटपट्टीकाका म्हणजे बेटाचे व्यवस्थापक. धक्का, विश्रामगृह आणि दीपगृह, सगळं त्यांच्या ताब्यात होतं. हे नाव अर्थातच मुलांनी ठेवलं होतं आणि अर्थातच काकांना ते माहीत नव्हतं. वाटेच्या दोन्ही बाजूंना त्यांनी चुना लावलेले दगड मांडले होते आणि त्यातला एक बोटभर जरी सरकला तरी ते कासावीस व्हायचे. विश्रामगृहातल्या कपांचे कानसुद्धा एकाच दिशेला वळलेले असायचे. खिशात सुतळीचा गुंडा कायम. आत्ताही ते वाटेवर ओणवे होऊन, एक डोळा मिटून दगडांची रांग तपासत होते.

"काका, या झुडपांना काटे असतात का हो?" तक्रारीने विचारलं.

काका इतक्या झटकन उभे राहिले, की त्यांची टोपी पडली. "काटे? छे! कोण म्हणतं? या झुडपाला काटा नाही म्हणून तर एवढं नाव आहे त्याचं! पळा, खेळा तिकडे वाळूत. उतारावर साप असतात."

"कालपर्यंत नव्हते," रेडिओ म्हणाला.

"आजपासून आहेत!" काका म्हणाले आणि टोपी झटकून, सरळ करून, पुन्हा एकदा सरळ करून निघून गेले.

मुकादमने भुवया उंचावल्या. "काटा म्हटल्यावर यांना काय चावलं?"

उतारावर गवत कमरेएवढं होतं, मध्ये मध्ये खडक होते. तक्रारीने आपलं झुडूप शोधून काढलं. वरून पाहिलं तर त्यात काहीच वेगळं नव्हतं. तीच गोल पानं, त्याच फुगलेल्या कळ्या. पण ती गुडघ्यांवर बसली आणि फांद्या बाजूला सारून आत डोकावली. खालच्या कोवळ्या फुटव्यावर तीन काटे होते.

"हे बघा! हे बघा! मी सांगितलं होतं!"

"अरे बापरे, खरंच की!" रेडिओने हात घातला आणि लगेच बाहेर काढला. "आई गं! मेलो!"

"ऐका हो ऐका, ताजी बातमी!" तक्रार म्हणाली. तिला फार बरं वाटलं.

मुकादम मात्र जुन्या फांद्या निरखत होती. तिथे काटे नव्हते, पण काट्यांच्या जागी बारीक बारीक खुंट होते. सगळे एकाच तिरकस कापाचे. "हे आपोआप गळालेले नाहीत. कोणीतरी कात्रीने छाटलेत. नवे फुटवे आले, त्यांना नवे काटे आले आणि तेवढे छाटायचे राहून गेले."

"पण झाडाचे काटे कोण छाटतं? नखं आहेत का ती?"

"तेच शोधायचंय. चला, एक-एक झुडूप बघायचं. काटा किंवा खुंट दिसला, की खूण बांधायची."

खुणेला काय बांधायचं, हा प्रश्न होता. केंद्राच्या अडगळीत एक विटका पिवळा पडदा सापडला. मुकादमने त्याच्या टराटरा पट्ट्या फाडल्या आणि काम सुरू झालं. तक्रारीने गवत टोचतंय, गुडघे दुखतायत, ऊन डोळ्यांवर येतंय अशा सगळ्या तक्रारी क्रमाने केल्या, पण एकही झुडूप सोडलं नाही. बरीच झुडपं खरोखर बिनकाट्याची निघाली. त्यांच्या फांद्या गुळगुळीत होत्या. पण जवळजवळ तेवढीच दुसरी निघाली, खुंटवाली. हळूहळू उतारभर पिवळ्या पट्ट्या फडफडायला लागल्या.

"जिथे पट्ट्या आहेत ती झुडपं तिकडची," तक्रार हळूच म्हणाली. "मुख्य भूमीवरची. म्हणून त्यांना काटे आहेत. आणि म्हणूनच मावशीची अर्धी पानं वेगळी निघाली. तिने काहीच मिसळलं नाही. कोणीतरी झुडपंच मिसळली!"

रेडिओ बोटाने पिवळ्या पट्ट्या मोजायला लागला.

"पण ही इथे रुजली कशी?" मुकादम म्हणाली. "बियांनी आली असतील तर कोणाचाच दोष नाही. लावली असतील तर मात्र कोणीतरी लावली. इथून काही कळत नाही. उंचावरून बघायला हवं."

उंच असं बेटावर एकच होतं. दीपगृह.

फूटपट्टीकाका वरच्या दिव्याची पितळी कडी घासत होते. मुकादमने पायऱ्यांवरूनच आवाज दिला. "काका, असं चकचकीत पितळ मी कुठ्ठे पाहिलेलं नाही! जरा वर येऊन बघू?"

काका विरघळले. "या, या! पण चपला खाली. आणि रांगेत ठेवा!"

चपला रांगेत लागल्या. रेडिओने दिव्याबद्दल प्रश्नांचा भडिमार सुरू केला आणि दिवा किती लांबून दिसतो, काच कशी पुसतात, कापड कुठलं वापरतात या उत्तरांत काका रमले. तेवढ्यात तक्रार आणि मुकादम सज्जात गेल्या.

खाली हिरवा उतार पसरला होता. बिनकाट्याची झुडपं कुठेही होती. इथे घोळका, तिथे एकटंच, एखादं खडकाच्या कुशीत. पण पिवळ्या पट्ट्या? तक्रारीने डोळे चोळले. गवतात उभं असताना जे अजिबात दिसलं नव्हतं, ते इथून लख्ख दिसत होतं. पट्ट्या रांगेत होत्या! एक रांग, दुसरी रांग, तिसरी रांग, सगळ्या सरळ, सगळ्यांत सारखं अंतर. मध्ये खडक आला तिथे एक जागा मोकळी आणि पलीकडे रांग पुन्हा सुरू!

"मुकादम," ती कुजबुजली, "या जगात अशी रांग एकच माणूस लावतो."

दोघींनी मागे वळून पाहिलं. काका रेडिओला घासायचं कापड चौकोनी घडी करून कसं ठेवायचं ते दाखवत होते.

"काय दिसलं? काय दिसलं?" रेडिओ ओरडत बाहेर आला. मुकादमने त्याचं तोंड दाबून धरलं आणि त्याला तसाच जिना उतरवला. पण काकाही सज्जात आले होते आणि त्यांनी खाली पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलं उतारावर पोचली, तेव्हा एकही पिवळी पट्टी जागेवर नव्हती. कोवळ्या फुटव्यांवरचे काटेही नव्हते. सगळे नीट छाटलेले होते, एकाच तिरकस कापाचे. फूटपट्टीकाका धक्क्यावर उभे होते, ताजी दाढी केलेली, टोपी अगदी सरळ. "उतारावर फार कचरा झाला होता," ते मुलांना म्हणाले. "मी साफ केला."

"संपलं!" रेडिओने डोक्याला हात लावला. "आता कोण विश्वास ठेवणार?"

"खुंट आहेत की," मुकादम म्हणाली, पण तिच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

लाँच लागली. आधी मावशी उतरली. रात्रभर झोप नसावी असा तिचा चेहरा होता. मागून मोठ्या बाई आल्या. पांढरे केस, जाड चष्मा, हातात छत्री. "लाँचवाला म्हणतो ओहोटीच्या आत परत निघायला हवं," त्या म्हणाल्या. "तेव्हा वेळ दवडायला नको. काय दाखवायचं ते दाखवा."

मावशीकडे दाखवण्यासारखं काही नव्हतं. तेवढ्यात तक्रार पुढे झाली. "मॅडम, यातल्या अर्ध्या झुडपांना काटे आहेत! ती या बेटावरची नाहीतच!"

"काटे?" फूटपट्टीकाका हसले. "चला, बघूनच घ्या मॅडम! मुलं आहेत, सुट्टीत काहीतरी खूळ डोक्यात घेतात."

सगळे उतारावर गेले. काटा कुठेच नव्हता. तक्रारीने रुमालातला काटा पुढे केला, तर "तो कुठूनही उचलला असेल," काका म्हणाले. मुकादमने खुंट दाखवले. "छाटणी करतो मी, नीटनेटकं दिसावं म्हणून," काका म्हणाले. रेडिओने रांगेचं सांगितलं. "योगायोग," काका म्हणाले. "गवतात उभं राहून बघा, कुठे आहे रांग?" मोठ्या बाईंनी चष्म्यातून पाहिलं. रांग दिसत नव्हती आणि पट्ट्या नसताना ती दीपगृहावरूनही दिसली नसती. त्यांनी घड्याळ पाहिलं.

तक्रारीने मावशीकडे पाहिलं. मावशीची मान खाली गेली होती. तक्रारीला रडू यायला लागलं होतं, पण त्याच वेळी तिच्या डोक्यात एक विचार आला. प्रत्येक माणसाची एक तक्रार अशी असते, की ती तोंडातून बाहेर पडल्याशिवाय राहत नाही. स्वतःच्या अनुभवावरून तिला हे पक्कं ठाऊक होतं. आणि काकांची तक्रार कुठली, तेही तिला ठाऊक होतं.

तिने मावशीच्या पिशवीतलं खुरपं काढलं. "काका, ही सगळी झुडपं सारखीच ना?"

"अगदी सारखी! एक काढावं आणि दुसरं झाकावं!"

"मग एक उपटून मुळं बघू. कुठलंही चालेल."

"अगं, थांब!" मावशी पुढे धावली. "एक-एक झुडूप मोलाचं आहे!"

"मावशी, एकदा माझं ऐक. फक्त एकदा."

मावशी थबकली. तिने भाचीच्या डोळ्यांत पाहिलं. मग, का कोण जाणे, ती एक पाऊल मागे सरली.

तक्रार खाली बसली आणि एका झुडपाच्या बुंध्याशी खणायला लागली. ते झुडूप तिने नीट विचार करून निवडलं होतं.

"हे कशाला?" काका म्हणाले. "ते बघा, त्या कडेला छान मोकळं आहे."

"तिथे खडक आहे. हेच बरं."

खुरपं चालत राहिलं. काकांनी टोपी सरळ केली. पुन्हा केली. एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर दिला. "निदान… निदान शेवटचं तरी घ्या. ते टोकाचं."

"हेच सोपं आहे, काका." तक्रारीने बुंधा धरून हलवला. झुडूप डुगडुगलं.

"अहो, मधलं नको!" काका किंचाळले. "टोकाचं काढा, हवं तर दोन्ही टोकांची काढा! मधलं काढलंत तर माझी रांग मोडेल!"

सगळ्यांनी एकदम काकांकडे पाहिलं.

"कसली रांग?" मोठ्या बाईंनी विचारलं.

काकांनी तोंडावर हात ठेवला. पण शब्द बाहेर पडला होता आणि तो काही परत आत जाणार नव्हता.

तक्रारीने दोन्ही हातांनी ओढलं. झुडूप मुळासकट वर आलं आणि मावशीच्या तोंडून "अरेच्चा!" निघालं. बेटाची माती काळसर, वाळू मिसळलेली. या मुळांभोवती मात्र लालभडक मातीचा गोळा होता, अगदी रोपवाटिकेतल्या पिशवीच्या आकाराचा. मुळं आतल्या आत गोल गोल फिरली होती, गुंडा केलेल्या सुतळीसारखी. एका मुळाला काळ्या प्लास्टिकचा तुकडासुद्धा चिकटलेला होता.

"मॅडम," काका खाली दगडावर बसले. टोपी तिरकी झाली होती आणि ती सरळ करण्याचं त्यांना भान नव्हतं. "दोन वर्षांपूर्वी हा उतार नुसता माजला होता. वेडंवाकडं गवत, वेडीवाकडी झुडपं. मी माणसं लावून साफ करून घेतला. मग संस्थेतून कळलं, की झुडूप दुर्मीळ आहे, हात लावायचा नाही. माझी तर बोबडीच वळली! मुख्य भूमीवरच्या रोपवाटिकेत हेच झुडूप मिळत होतं. आणली रोपं, काटे छाटले, लावली. गेल्याची भरपाई केली म्हणा ना! झुडूप तेच, नाव तेच. मला काय ठाऊक, की पानाच्या आतलंही कोणी तपासतं?"

"नाव तेच आहे, साहेब. घराणं वेगळं आहे," मावशी म्हणाली. तिने एक फांदी जवळ ओढली. "या कळ्या बघा. एक-दोन दिवसांत उमलतील. मधमाश्या काही कोण कुठलं ते विचारत बसत नाहीत. इकडचे परागकण तिकडे गेले असते आणि पुढच्या बियांपासून सरमिसळ सुरू झाली असती. मग बिनकाट्याचं हे झुडूप जगात कुठेच उरलं नसतं. कोणी कितीही पैसे टाकले तरी परत आणता आलं नसतं."

"पण तिकडच्या झुडपांत तर जास्त विविधता आहे ना?" रेडिओने विचारलं. "मग मिसळलं तर चांगलंच की!"

"प्रश्न चांगला आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "कधी कधी एखादी जात अगदीच खंगली, तर आम्ही बाहेरचं रक्त मुद्दाम आणतो. पण विचार करून, मोजूनमापून. रांग भरायची म्हणून नाही!" त्यांनी छत्री काकांच्या दिशेने रोखली. "तुमची चौकशी होईल. पण ती नंतर. आत्ता यातलं प्रत्येक रोप ओळखणारा माणूस बेटावर एकच आहे. काढा ती सुतळी!"

काकांनी मुकाट्याने गुंडा काढला. रांगांवर सुतळ्या ताणल्या गेल्या आणि सगळे कामाला लागले. मुकादमच्या हुकमावरून लाँचवाला मातीचे गोळे फाटू न देता रोपं वाहायला लागला आणि पदर खोचून मोठ्या बाईही खणायला बसल्या. काका आपल्याच हाताने आपल्या रांगा मोडत होते आणि दर झुडपामागे एक उसासा टाकत होते. रोपं फेकून द्यायची नव्हती. ती परत त्यांच्या डोंगरावर जाणार होती. त्यांचा बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

शेवटचं रोप लाँचमध्ये चढल्यावर मोठ्या बाई मावशीसमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात मातीने लाल झाले होते. "तुमच्या पिशव्या बरोबर होत्या. मी तुम्हाला वेंधळी म्हटलं. माझं चुकलं. काम चालू राहील आणि तुमच्याकडेच राहील." मग त्या मुलांकडे वळल्या. "आणि तुम्ही! प्रयोगशाळेला जे दिसलं पण समजलं नाही, ते तुम्ही गुडघ्यांवर बसून शोधून काढलंत. शाबास! पहिला काटा कोणाला सापडला?"

"हिला सापडला नाही मॅडम, हिला टोचला!" रेडिओ म्हणाला. "आणि आम्ही हसलो. आम्हीच चुकलो."

"मीसुद्धा," मावशी म्हणाली. "मी उभी राहून पानं तोडत गेले, खाली वाकून पाहिलं नाही. आणि ही सांगायला आली तर ऐकून घेतलं नाही." तिने तक्रारीला जवळ ओढलं. तक्रारीला इतका आनंद झाला होता, की फार घट्ट धरलंय अशी कुरकुर करायचंही राहून गेलं.

सगळे धक्क्याकडे निघाले. उतार आता विरळ दिसत होता. उरलेली झुडपं मोजकीच होती, तीही वेडीवाकडी पसरलेली. मावशी चालता चालता त्यांच्याकडे वळून पाहत होती. एवढ्याशा घराण्यावर पुढे काय वेळ येईल, कोणी सांगावं?

"थांबा! थांबा! इथे पाय देऊ नका!"

तक्रार ओरडली होती. पुन्हा एकदा. पण या वेळी रेडिओ हसला नाही. मुकादमने पाय हवेत तसाच धरला. मोठ्या बाई थांबल्या, मावशी थांबली, सुतळी गुंडाळत येणारे फूटपट्टीकाकाही थांबले.

गवतात, दोन वर्षांपूर्वी सपाट कापलेल्या एका जुन्या बुंध्याच्या कडेला, बोटभर कोवळा फुटवा आला होता. मावशी गुडघ्यांवर बसली. तिने फुटव्यावरून हलकेच बोट फिरवलं, खालून वर, अगदी टोकापर्यंत.

"गुळगुळीत आहे," ती म्हणाली.

मग सगळेच खाली बसले आणि आणखी कुठे कुठे फुटवे आलेत ते गवतात शोधायला लागले. लाँचवाल्याने ओहोटीची आठवण करून देण्यासाठी दोनदा भोंगा वाजवला, पण कोणी वर पाहिलं नाही.